नानांचा पक्ष कुठे गेला?

सांगलीहून पेठनाक्याच्या बाजूला निघालात, की तुंग मागे पडते आणि थोड्या वेळात आष्टा येते. उसाच्या आणि हळदीच्या रानांत वसलेले हे गाव. चार कोसांच्या आत वाळवा आहे, ढवळी आहे, कृष्णेपलीकडे कुंडल आहे आणि थोडे वरच्या अंगाला येडे मच्छिंद्र आहे. ही नावे आपल्या मुलांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेली असतात. प्रतिसरकार, क्रांतिसिंह नाना पाटील, तुफान सेना हे शब्द त्यांना पाठ असतात. एवढे सांगून पुस्तक थांबते. १९४६ साली नाना भूमिगत जीवनातून उघड झाले, १९४७ साली स्वातंत्र्य मिळाले आणि धडा संपला. खाली स्वाध्याय.

माझ्या वर्गात दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी उभा राहून विचारतो, "सर, पुढे नाना कुठल्या पक्षात गेले?" प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर द्यायला उभे राहावे तर तास संपतो. कारण नाना एका पक्षातून दुसऱ्या पक्षात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून चौथ्यात गेले, आणि त्यातला तिसरा पक्ष असा की ज्याचे नावही आज आपल्या गावात फारसे कुणाला सांगता येणार नाही. कामगार किसान पक्ष हे त्याचे नाव. चारेक वर्षांचे त्याचे आयुष्य. आज त्या पक्षाची हकीकत सांगायची आहे. पक्ष लहान होता, पण त्याच्या उगवण्यात आणि मावळण्यात आपल्या भागातल्या बऱ्याच घरांचे कोडे दडलेले आहे. ज्या घराने एका रात्री भूमिगतांना भाकरी दिली, त्या घराने पुढे मत कुणाला द्यायचे, असे ते कोडे.

गोष्ट जरा मागून धरली पाहिजे.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला. आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यात त्याचे काय पडसाद उठले ते मी नव्याने सांगायला नको. तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, वडूजला गोळीबार झाला, १० सप्टेंबरला इस्लामपूरच्या मोर्च्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या पडले. मोर्च्यांचा मार्ग बंद झाल्यावर १९४३ पासून प्रतिसरकार उभे राहिले. न्यायदान मंडळे, कमी खर्चातले गांधी विवाह, सावकाराला आणि दरोडेखोराला धाक, पत्र्या मारण्याची ती प्रसिद्ध शिक्षा. नाना हे त्या सगळ्याचे मोठे नाव. १९३० सालीच तलाठ्याची नोकरी सोडून बाहेर पडलेला हा माणूस जवळजवळ चार वर्षे पोलिसांच्या हाती लागला नाही. तो लागला नाही, याचा अर्थ गावाने लागू दिला नाही. हे शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावे. त्या चार वर्षांत कित्येक घरांत चूल दोनदा पेटत होती, एकदा घरच्यांसाठी आणि एकदा रात्री उशिरा.

आता याच वेळी देशातला कम्युनिस्ट पक्ष काय करीत होता? तो 'चले जाव'च्या बाजूने नव्हता. १९४१ च्या जून महिन्यात हिटलरने सोव्हिएत रशियावर हल्ला केला, तेव्हापासून महायुद्धाचा रंग बदलला, ते आता लोकयुद्ध झाले, असे त्या पक्षाचे म्हणणे पडले. रशिया आणि इंग्रज एका बाजूला लढत असताना इंग्रजांच्या सैन्यामागे गडबड करू नये, असा त्याचा हिशेब. जुलै १९४२ मध्ये पक्षावरची बंदीही उठली. जगाच्या नकाशावर बोट ठेवून पाहिले तर त्या हिशेबात काही तर्क होता, हे मी नाकारीत नाही. फॅसिझम हे काही लहान संकट नव्हते. पण ज्याच्या दारात पोलीस पार्टी येऊन उभी आहे, त्या वाळव्याच्या शेतकऱ्याला स्टालिनग्राडचा नकाशा दाखवून काय उपयोग? आपल्या भागात त्या धोरणाने जी अढी बसली ती लवकर गेली नाही.

ती खुद्द त्या पक्षाच्या पोटातही बसली. महाराष्ट्रातल्या काही कम्युनिस्टांना हे धोरण पटले नाही. ते १९४२ साली पक्षाबाहेर पडले आणि त्यांनी 'नवजीवन संघटना' उभी केली. एस. के. लिमये, यशवंत चव्हाण ही त्यातली ठळक नावे. मंडळी मार्क्सवादी, पण बेचाळीसच्या लढ्याच्या बाजूची. संख्या थोडी, अभ्यास दांडगा. हा धागा हातात घट्ट धरून ठेवा. पुढे सगळा पीळ त्याचाच आहे.

स्वातंत्र्य आले आणि काँग्रेसमध्ये एक नवी कुरबूर सुरू झाली. राज्य आपले आले, पण शेतकऱ्याच्या हाती काय? धान्याची सक्तीची लेव्ही चालूच होती. पीक आले असो नसो, ठरलेले माप घालावे लागे. महागाई होती. १९४८ साली कूळकायदा झाला, पण जमीनमालक स्वतः कसणार म्हणून सांगत, आणि कुळाकडून राजीनामा लिहून घेत. अंगठा कागदावर उठला की वहिवाट गेली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव, नाना पाटील, संगमनेरकडचे दत्ता देशमुख अशी मंडळी काँग्रेसच्या आतच शेतकरी-कामगारांचा संघ बांधू लागली. १९४८ साली काँग्रेसने ठरवले की पक्षाच्या पोटात दुसरा पक्ष चालणार नाही. मग समाजवादी बाहेर पडले आणि ही मंडळीही. त्या वर्षीच्या जूनमध्ये आळंदीला जमून त्यांनी शेतकरी कामगार पक्ष स्वतंत्रपणे मांडला. ज्ञानोबांच्या समाधीच्या गावी, बरे का. वारकऱ्यांच्या पोरांना पक्ष काढायचा तर दुसरी जागा कोणती सुचणार!

शेकाप वाढला तो भराभर वाढला. खेड्यातल्या माणसाला तो आपला वाटला. त्याची भाषा त्याच्या ओळखीची होती, नेते ओळखीचे होते, जुन्या सत्यशोधक चळवळीची ऊब त्याला होती. नवजीवन संघटनेचे लोकही त्यात आले. त्यांना वाटले, इथे माणसे आहेत, विचार आपण देऊ. १९५० साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला पक्षाने आपला प्रसिद्ध प्रबंध मंजूर केला आणि मार्क्सवाद-लेनिनवाद ही आपली दिशा म्हणून जाहीर केली. दोन वर्षांपूर्वी काँग्रेसमध्ये असलेला हा शेतकऱ्यांचा पक्ष एकदम इतका डावा झाला, याचे पुष्कळांना नवल वाटले. मला त्यात फारसे नवल वाटत नाही. चीनमध्ये नुकतीच १९४९ साली शेतकऱ्यांच्या सैन्याने क्रांती केली होती. शेतकऱ्याच्या जोरावर राज्य बदलता येते हे डोळ्यासमोर दिसत होते, आणि आपल्याकडे तर साताऱ्यात तसले काही करून दाखवलेली माणसे पक्षातच बसली होती.

पण प्रबंध लिहिणे वेगळे आणि त्याप्रमाणे चालणे वेगळे. लवकरच आत धुसफूस सुरू झाली. दाभाडीत जे ठरले ते नेतृत्व मनापासून चालवीत नाही, असे डाव्या बाजूचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूला हे पोथीवाले लोक पक्षाला शेतकऱ्यापासून तोडतील, अशी धास्ती. शेवटी १९५१ च्या सुमारास फाटले. नाना पाटील, दत्ता देशमुख आणि नवजीवनची मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी कामगार किसान पक्ष काढला.

नावाकडे जरा लक्ष द्या. आधीचा 'शेतकरी कामगार', नवा 'कामगार किसान'. दोन्हींचा अर्थ एकच की! पण नाही. कामगार शब्द आता पुढे आला आहे. मार्क्सच्या शास्त्राप्रमाणे पुढारपण कामगारवर्गाचे, शेतकरी त्याचा साथीदार. नावातला क्रम हाच भांडणाचा मुद्दा होता. आष्ट्याच्या पारावर बसलेल्या माणसाला ही फोड कुणी समजावून सांगितली असेल का, याची मला शंका आहे. त्याला एवढेच कळले असेल, की नाना तिकडून निघाले आणि इकडे आले. आणि तरी त्या नावात आपल्या भागापुरते एक खरे होतेच. वाळवा, शिराळा या तालुक्यांतून एक भाऊ रानात आणि एक भाऊ मुंबईच्या गिरणीत, अशी घरे किती तरी होती. परळ-लालबागच्या खोल्यांत एकेका गावची माणसे दाटीवाटीने राहायची आणि यात्रेजत्रेला गावाकडे यायची. येताना कापड आणायची, तशी संपाची, युनियनची बातमीही आणायची. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे याच तालुक्यातून मुंबईला गेले आणि कम्युनिस्ट चळवळीत शाहीर झाले, हे विसरू नका. कामगार आणि किसान हे आपल्याकडे दोन वर्ग होतेच, पण पुष्कळदा ते एका आईची दोन लेकरेही होते.

नवा पक्ष निघाला न निघाला तोच पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. १९५१-५२ ची. त्या निवडणुकीत आजच्यासारखे यंत्र नव्हते, की एका कागदावर सगळी चिन्हेही नव्हती. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी. पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले. मतदाराने पडद्याआड जायचे, आपल्या माणसाची पेटी ओळखायची आणि मतपत्रिका तिच्यात टाकायची. लिहिता-वाचता न येणाऱ्या देशासाठी काढलेली ही सोपी युक्ती. पण दोन-चार महिन्यांपूर्वी जन्मलेल्या पक्षाला ती किती अवघड जात असेल याचा विचार करा. पडद्याआड नानांचे तोंड दिसत नाही, नानांचा आवाज येत नाही, तिथे फक्त पेट्या मांडलेल्या. "नानांची पेटी कंची?" हे आत गेल्यावर कुणाला विचारायचे?

निकाल काय लागला ते आकड्यांत सांगतो. मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ जागा होत्या. त्यांपैकी २६९ काँग्रेसने घेतल्या. शेकापला १४ मिळाल्या. समाजवाद्यांना ९. कामगार किसान पक्षाला २. आणि कम्युनिस्ट पक्षाला? फक्त १.

हा शेवटचा आकडा मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंबई राज्यापुरते पाहिले तर आपला हा लहानगा पक्ष कम्युनिस्टांपेक्षा एका जागेने मोठाच होता! पण नजर दिल्लीकडे वळवली की चित्र उलटे. लोकसभेत कम्युनिस्ट पक्ष १६ जागा घेऊन काँग्रेसच्या खालोखाल बसला होता. त्याला तेलंगणाच्या लढ्याचे वलय होते. १९४८ ते १९५० या काळात घेतलेली उठावाची उतावळी भूमिका त्याने सोडली होती, आणि तो निवडणुकीच्या मैदानात उतरला होता. त्याच्यामागे मुंबईच्या गिरण्यांतली युनियन होती, देशभरची किसान सभा होती. कामगार किसान पक्षामागे काय होते? नानांचे नाव, दत्ता देशमुखांची जिद्द, लिमये-चव्हाणांचा अभ्यास. नाव, जिद्द आणि अभ्यास ही भांडवले चांगली आहेत, पण त्यांनी दर महिन्याला पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या घरी शिधा जात नाही.

लहान पक्ष का विझतात याची कारणे सांगताना आपण नेहमी पुढाऱ्यांच्या भांडणावर बोट ठेवतो. ते सोपे असते. मला वाटते कारण जरा खाली, रोजच्या व्यवहारात असते. कुळाचा दावा मामलेदार कचेरीत चालला, तर त्याच्याबरोबर तारखेला कोण जाणार? लेव्हीची तक्रार मुंबईपर्यंत कोण नेणार? गिरणीतला भाऊ संपावर गेला तर गावाकडे धान्य कोण गोळा करणार? ही कामे पक्ष करतो, आणि ती करायला जाळे लागते. प्रतिसरकारचे जाळे होते, पण ते इंग्रजांविरुद्ध विणलेले होते. स्वातंत्र्य आले आणि जाळ्याचे धागे वेगवेगळ्या हातांत गेले. किसन वीर, यशवंतराव चव्हाण, सांगलीचा तुरुंग फोडणारे वसंतदादा पाटील काँग्रेसमध्ये राहिले. कुंडलचे जी. डी. बापू लाड शेकापमध्ये राहिले आणि १९५७ साली त्या पक्षाकडून विधानसभेत गेले. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी आपल्या वाटेने चालले आणि १९५७ व १९८५ अशा दोन वेळा आमदार झाले. ढवळीचे एन. डी. पाटील १९४८ साली शेकापमध्ये गेले ते २०२२ साली देह ठेवीपर्यंत त्याच पक्षात. एकाच शिवारातली ही माणसे, एकाच ताटात जेवलेली काही. आणि पक्ष मात्र निरनिराळे. नानांना आपला नवा पक्ष या सगळ्यांना वगळून उभारायचा होता.

मग व्हायचे ते झाले. १९५५ पर्यंत नाना आणि त्यांच्याबरोबरचे बरेच कार्यकर्ते कम्युनिस्ट पक्षात गेले. त्याच वर्षी डहाणूला अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशन भरले आणि नाना तिचे अध्यक्ष झाले. डहाणू म्हणजे गोदावरी परुळेकरांनी वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले तो मुलूख. येडे मच्छिंद्रचा तलाठी आणि डहाणूचे आदिवासी यांची गाठ तिथे पडली. एका तालुक्याचा पक्ष चालवीत बसण्यापेक्षा हे आवार किती तरी मोठे होते, आणि नानांसारख्या माणसाला ते दिसले नसते तरच नवल.

पण आपल्या गावातल्या माणसाला काय वाटले असेल? ज्या पक्षाने बेचाळीसला पाठ दाखवली, त्याच पक्षात बेचाळीसचा सिंह गेला! हा प्रश्न त्या वेळी पारावर निघालाच नसेल असे मी मानायला तयार नाही. याचे उत्तर दोन तऱ्हांनी देता येते. एक असे, की नानांना त्या जुन्या हिशेबापेक्षा पुढचे काम मोठे वाटले. तेरा वर्षांत पक्षही बदलला होता, जमिनीच्या प्रश्नावर तोच जोराने लढत होता. दुसरे उत्तर इतके उदात्त नाही. दोन आमदारांच्या पक्षाला टिकायचे तर कुणाच्या तरी आधाराला जावे लागते, आणि काँग्रेसकडे परत जाणे नानांच्या स्वभावात नव्हते. शेकापचे मूळ पुढारी जेधे आणि मोरे मात्र काँग्रेसकडे परतले. जेधे १९५७ साली काँग्रेसचे खासदार म्हणून निवडून आले. म्हणजे पाहा, फुटलेल्या घराचे दोन्ही भाग शेवटी कुणा ना कुणा थोरल्या घरात राहायला गेले. मला स्वतःला दोन्ही उत्तरे खरी वाटतात. माणूस एका कारणाने घर बदलतो असे थोडेच आहे?

आणि आता तो मघाचा धागा. कामगार किसान पक्षातले सगळेच काही नानांबरोबर गेले नाहीत. नवजीवनची मंडळी गेली नाहीत. १९४२ साली ज्या दारातून ते बाहेर पडले होते, त्याच दारातून परत आत कसे जायचे? दत्ता देशमुख, लिमये, यशवंत चव्हाण वेगळेच राहिले. त्यांचा गट 'लाल निशाण' या नावाने ओळखला जाऊ लागला आणि पुढे त्याचा लाल निशाण पक्ष झाला. विलीनीकरणाच्या वेळी पक्षाला तडा गेला तो बेचाळीसच्या जुन्या भेगेवर गेला. गंमत बघा. ज्यांनी बेचाळीसचा लढा बंदुकीच्या तोंडी लढला ते नाना जुने विसरून आत गेले, आणि ज्यांनी त्या लढ्यासाठी पक्षशिस्त मोडली ते मात्र बाहेर थांबले. लढणाऱ्याला क्षमा करणे सोपे जाते की काय कोण जाणे. घरातून बाहेर काढल्याची सल मात्र लवकर भरून येत नाही.

नानांच्या बाजूने या निर्णयाचा जमाखर्च मांडायचा तर १९५७ साल धरावे लागते. तोवर संयुक्त महाराष्ट्राचे वादळ उठले होते. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्याला समिती स्थापन झाली आणि तिच्यात कम्युनिस्ट, शेकाप, प्रजासमाजवादी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे सगळे एका मांडवात आले. जे पाच वर्षांपूर्वी एकमेकांच्या पेट्यांसमोर पेट्या मांडून बसले होते ते एकाच व्यासपीठावर. नाना सातारा मतदारसंघातून कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून लोकसभेत गेले. तिथे ते मराठीतून बोलले. नव्या विस्तारलेल्या मुंबई राज्याच्या विधानसभेत कम्युनिस्टांच्या जागा १३ झाल्या, शेकापच्या ३१. खुद्द यशवंतराव चव्हाण कऱ्हाडला जेमतेम निभावले. लहान पक्षाला वेगळे राहून जे साधले नसते ते आघाडीत साधले, असे त्या वर्षी कुणालाही वाटले असते.

मग १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि मांडव उतरला. १९६२ साली २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या. शेकाप १५, कम्युनिस्ट ६. कारण काय? संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न सुटला हे एक. दुसरे आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून कुळे कायद्याने जमिनीची मालक होऊ लागली, सहकारी सोसायट्या आल्या, साखर कारखाने उभे राहू लागले. कालचे कूळ आज सभासद झाले. त्याला आता मोर्चापेक्षा उसाच्या तोडीची चिठ्ठी निकडीची वाटू लागली, आणि ती चिठ्ठी काँग्रेसच्या हातात होती. यात शेतकऱ्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. डाव्या पक्षांनी जमीन मागितली, ती काही अंशी मिळाली, आणि मिळाल्यामुळे त्यांची गरज उरली नाही. ज्यांना मिळाली नाही, ते भूमिहीन मजूर, गावकुसाबाहेरची माणसे, ती मात्र तशीच राहिली. शेकाप काय, कामगार किसान पक्ष काय, दोघांचाही जीव मुख्यतः जमीन कसणाऱ्यात होता. ज्याला कसायलाही जमीन नाही त्याच्यापर्यंत त्यांचा हात पुरेसा पोहोचला नाही, असे मी इतिहासाचा शिक्षक म्हणून स्पष्ट म्हणेन.

१९६४ साली कम्युनिस्ट पक्षच फुटला. नाना मूळ पक्षात राहिले. १९६७ साली ते पुन्हा लोकसभेत गेले, पण साताऱ्यातून नव्हे, तर मराठवाड्यातल्या बीडमधून. सातारा-सांगलीचा सिंह बीडच्या लोकांनी निवडून दिला, ही गोष्ट आपल्या भागाला थोडी लागायला हवी. ६ डिसेंबर १९७६ ला मिरजेला ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार वाळव्याला झाले.

लाल निशाणवाले दरम्यान आपले काम करीत राहिले. त्यांनी निवडणुकीपेक्षा कामगारांच्या संघटनांवर भर दिला. सर्व श्रमिक संघ हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर पाण्याच्या प्रश्नावर दत्ता देशमुखांनी जे काम केले ते दुष्काळी तालुक्यांतल्या लोकांना आठवते. पुढे रशियात गोर्बाचेव्ह आले, नवे वारे वाहू लागले, आणि त्या वाऱ्यावर मत देताना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हा पक्षही दुभंगला. दुसरा गट लाल निशाण पक्ष लेनिनवादी म्हणून वेगळा झाला. परत रशिया! १९४१ साली रशियावरच्या हल्ल्यामुळे एक फूट, आणि पंचेचाळीसहून अधिक वर्षांनी रशियातल्या सुधारणांमुळे दुसरी.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. वर्गात प्रतिसरकार शिकवाल तेव्हा मुलांना घरी जाऊन विचारायला सांगा, की आपल्या घरात बावन्न साली, सत्तावन्न साली मत कुणाला पडले होते. बावन्नला मत देणारी माणसे आता फारशी उरलेली नाहीत, पण त्यांच्या सुना-लेकींना ऐकून माहीत असते. खटाऱ्याला, विळा-कणसाला की बैलजोडीला, हे विचारले की म्हातारी माणसे बोलू लागतात. पक्षाचे नाव विचारले तर गप्प बसतात. चिन्ह आठवते, पक्ष आठवत नाही. वही-पेन्सिल घेऊन एवढे लिहून आणले तरी त्या मुलाच्या हातात गावचा इतिहास येईल, आणि तो कुठल्या पुस्तकात छापलेला नाही.

राहिली शेवटची नोंद. लाल निशाण पक्ष २०१७ साली भारतीय कम्युनिस्ट पक्षात विलीन झाला. दुसरा, लेनिनवादी गट, २०२४ साली भाकप-माले लिबरेशन या पक्षात मिळाला. १९४२ साली ज्या घरातून नवजीवनची मंडळी उठून गेली होती, त्या घरात त्यांचे वारस पंचाहत्तर वर्षांनी परत आले. नानांना जाऊन तेव्हा एक्केचाळीस वर्षे झाली होती.